उंडीचं झाड आणि माझा डावा खांदा

माझा चेंडू उजवीकडे जात होता म्हणून माझ्या सासऱ्यांचं एक धडधाकट झाड तोडलं गेलं. तोडा असं मी म्हणालो नव्हतो, हे मी पुढे बरेच दिवस स्वतःला बजावत होतो. ते खरंही आहे. मी फक्त समजावून सांगितलं होतं. पण जावयाने समजावून सांगितलेलं सासऱ्याने कसं घ्यायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

मी बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल पाहतो. पंप आणि त्याची मोटर एका रेषेत बसवणं हा त्यातला माझ्या अभिमानाचा भाग. दोघांचे दांडे एकाच रेषेत आले नाहीत तर पंप थरथरतो आणि काही दिवसांत त्याचं बेअरिंग खलास होतं. मोजायला आता चांगली साधनं आहेत, पण सुरुवात जुन्याच पद्धतीने होते. जोडावर पोलादी पट्टी आडवी ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि पट्टीच्या काठावरून बघायचं. फरक असेल तर दिसतो. मला तो इतरांपेक्षा लवकर दिसतो अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझाही हात होता.

मग कारखान्यात नवे मोठे साहेब आले. ते गोल्फ खेळत. बड्या गिऱ्हाइकांना घेऊन ते एकदा गोल्फच्या मैदानावर जाणार होते आणि विभागप्रमुखांनीही यावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी मला विचारलं, "खेळता का?" मी म्हणालो, "थोडंफार." तोवर मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती.

सरावासाठी मला सासरवाडी आठवली. सासरे बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या माहीमचे. वाडीत चिकू, नारळ आणि त्यांच्या जिवापलीकडची पानवेल. वाडीला लागून त्यांचंच भाताचं शेत. कापणी झाली की ते उन्हाळाभर रिकामं पडतं. शेताच्या डाव्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, सुरूच्या झाडांची रांग आणि तिच्या टोकाला जाड पानांचं एक जुनं उंडीचं झाड. उजव्या अंगाला पानवेलीचा मांडव. मी एका टोकाला उभा राहायचो आणि दुसऱ्या टोकाला बांबूवर बायकोच्या जुन्या ओढणीचा झेंडा लावायचो.

झेंडा समोर, आणि चेंडू दर रविवारी मांडवात.

सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा मांडवात वाकून चेंडू शोधायचे, पाण्याने धुऊन पुसायचे आणि पितळी वाटीतून मला आणून द्यायचे. जावयाची वस्तू नुसती हातात कशी द्यायची?

"जावयबापू, तुमच्या चेंडूला पान खायचा नाद हाय," ते म्हणायचे. "चुना-कात पण ठेवू का तिथं?"

मी हसायचो. मोडलेल्या वेलींबद्दल ते बोलत नसत. संध्याकाळी एकटेच मांडवात जाऊन ती वेल पुन्हा बांधत बसत. मला ते ओसरीवरून दिसायचं आणि मी मोबाइलकडे बघायचो.

खरं तर मी उभं राहण्याची फार काळजी घेत होतो. चेंडूसमोर उभं राहायचं, झेंडा आपल्या डाव्या हाताला. मी मान वळवायचो, एक डोळा मिटायचो आणि डाव्या खांद्याच्या काठावरून बघायचो. खांद्याच्या टोकावर झेंडा बरोबर बसला की माझी खात्री पटायची. पट्टी ठेवून पाहिल्यासारखं. त्यामुळे माझं उभं राहणं चुकत असेल ही शंका मला आली नाही. चूक बाहेरची असणार. ती मी समुद्रात शोधली.

एका रविवारी चहा पिताना मी दादांना वारा समजावून सांगितला. समुद्राकडून येणारा वारा उंडीच्या घेरावर आपटतो, दोन्ही बाजूंनी फुटतो, मागे घुमतो आणि चेंडूला उजवीकडे ढकलतो. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचं उदाहरण दिलं. ताटलीत बोटाने चहाचा थेंब ओढून आकृतीही काढली.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "मग झाड नसतं तर वारा जास्त आला असता ना?"

"जास्त आला असता, पण सरळ आला असता. घुमला नसता."

"आणि चेंडू?"

"चेंडूला घुमणं बाधतं."

दादा आकृतीकडे बघत राहिले. "असंल," ते म्हणाले. "तुमी मशिनी चालवता. तुमाला वारा कळणारच."

पुढच्या रविवारी गेलो तर उंडी नव्हती. जागेवर बुंधा होता आणि आजूबाजूला कुऱ्हाडीच्या ढलप्या. ते झाड दादांच्या वडिलांनी लावलेलं. त्याच्या बियांच्या तेलावर एके काळी घरातले दिवे जळत, हे मी लग्नानंतर पहिल्याच भेटीत ऐकलं होतं.

"जुनं झालतं," दादा म्हणाले. "काय कामाचं नवतं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आजही नीट सुचत नाही. पण मी जे म्हणालो ते लख्ख आठवतं. मी म्हणालो, "बरं केलंत. आता मोकळं वाटतं."

मग काठी उचलली आणि चेंडू मांडवात मारला.

बायको पुढे आली. तिने माझा मोबाइल घेतला आणि माझ्या पाठीमागे, झेंड्याच्या रेषेत उभी राहिली. "मारा अजून एक," म्हणाली. मारला. तिने चित्रफीत दाखवली. त्यात सुरूची एक काडी हलत नव्हती. आणि झेंडा मधोमध असलेल्या त्या चित्रात तिचा नवरा, पाय, कंबर, खांदे, सगळा जमवून, पूर्ण एकाग्रतेने पानवेलीकडे रोख धरून उभा होता.

"तुमी झेंडा मांडवात लावा," ती म्हणाली. माहेरी आली की तिची बोली बदलते. "म्हणजे कुणालाच त्रास नाय."

बोईसरला परतल्यावर मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या नळाला झेंडा मानून नेहमीसारखा उभा राहिलो, पायाच्या अंगठ्यांना लागून एक प्लास्टिकचा पाइप जमिनीवर ठेवला आणि मागे जाऊन बघितलं. पाइप टाकीच्या बराच उजवीकडे, शेजारच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे रोखलेला होता. कारण कळायला वेळ लागला नाही. आपले डोळे खांद्यांच्या रेषेत नसतात. ते पुढे, चेंडूच्या बाजूला असतात. तिथून डाव्या खांद्यावर झेंडा दिसला, की समजावं खांदा झेंड्याच्या उजवीकडे फिरला आहे. जितकं काटेकोर जुळवावं तितकं हमखास चुकतं. दुसरी गोष्ट मनाला त्याहून जास्त लागली. पंपात दोन रेषा एक करायच्या असतात. इथे त्या कधीच एक करायच्या नसतात. एक रेषा चेंडूपासून झेंड्यापर्यंत, दुसरी पायांची, तिच्या डावीकडे, रुळांसारखी शेजारून जाणारी. मी माझ्या कामातलं सगळं कौशल्य वापरून दोन रूळ एकमेकांवर चढवत होतो.

उपाय शेंबड्या पोराला जमेल असा होता. आधी चेंडूच्या मागे उभं राहायचं. चेंडू आणि झेंडा यांच्या रेषेत, चेंडूच्या जवळच, एखादं गवताचं बूड हेरायचं. काठीचं तोंड त्या बुडाकडे करायचं, मग पाय त्या रेषेशी समांतर ठेवायचे, आणि शेवटी झेंड्याकडे नुसतं बघायचं, खांद्यावरून मोजायचं नाही. सुरुवातीला असं उभं राहिलं की आपण भलतीकडे, डावीकडे तोंड करून उभे आहोत असं वाटतं. सरळ उभं राहणं मला कित्येक दिवस वाकडं वाटत होतं.

हे सगळं मी माहीमला सांगणार होतो. रविवारी सकाळी लवकर जाऊन शेतात बांबूच्या दोन कामट्या समांतर टाकल्या, सराव केला, आणि दादा यायच्या आत कामट्या उचलून ठेवल्या. कामट्या का उचलल्या? सांगायचं असतं तर उचलल्या नसत्या.

दादांसमोर मारलेला चेंडू सरळ झेंड्याकडे गेला.

ते टाळी वाजवून हसले. "बघा, जावयबापू! झाडाचाच दोष होता." मग बायकोला हाक मारली, "अगं, हे बोलले तसंच झालं बघ. तू उगाच वाद घालत होतीस."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चेंडूकडे बघितलं.

साहेबांसोबतचा गोल्फचा दिवस पार पडला. साहेबांचा पहिलाच चेंडू उजवीकडे झुडपात गेला. मी मागे उभा होतो, त्यांचा खांदा मला स्पष्ट दिसत होता. साहेब म्हणाले, "हवा आहे आज." मी म्हणालो, "हो सर, समुद्राची असणार." समुद्र तिथून बराच लांब होता. त्या दिवशी माझं कौतुक झालं, आणि ते ऐकून दादा गावभर माझ्या वाऱ्याची गोष्ट सांगू लागले.

मग एका शनिवारी फोन आला. "जावयबापू, उद्या माणूस येतोय. त्या सुरू पण काढतो. वारा त्यांना पण आपटतो ना? मग तुमचा चेंडू अजून लांब जाईल."

सुरूची ती रांग खाऱ्या वाऱ्याला आडवी उभी होती म्हणून पलीकडे पानवेल जगत होती. हे दादांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि तो बसावा म्हणून मी दोन कामट्या लपवल्या होत्या.

"पान करपेल, दादा," मी म्हणालो.

"तुमी सांगा, घुमणारा वारा वाईट की सरळ? तुमीच बोललात, सरळ बरा. पान बघू मग."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही सांगताय का मी सांगू?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्कूटरची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

मी माहीमला पोचलो तेव्हा दादा मांडवात होते. मला अवेळी आलेला बघून घाबरले. "घरी सगळं ठीक हाय ना?" मी हो म्हणालो, त्यांना बाहेर बोलावलं आणि जमिनीवर कामट्या टाकून दाखवलं, मी कसा उभा राहत होतो आणि कसं राहायला हवं होतं. ते कामट्यांकडे वाकून बघत होते. मग त्यांनी मला दोषातून सोडवायला सुरुवात केली.

"असूं दे. उंडी जुनीच होती."

"धडधाकट होती, दादा."

"सावली पडत होती भातावर."

"तुम्ही कधी तसं म्हणाला नव्हता."

"आता जावयाने असं बोलू नये. आमाला बरं नाय वाटत."

दर वेळी ते मला एक दार उघडून देत होते आणि माझे पाय आपोआप तिकडे वळत होते. पुढचं बोलायला मला खाली बसावं लागलं.

"दादा, वारा नव्हताच. मी चुकीचा उभा होतो. झाड गेल्यावर मला ते कळलं, आणि तरी मी तुम्हाला झाडाचाच दोष मानू दिला. सुरू तोडू नका. उंडी माझ्यामुळे गेली. मला माफ करा."