नातीसाठी भरलेली डबी

आजारपण गेलं की गोळ्या उरत नाहीत, फजितीच्या गोष्टी मात्र घरभर साठून राहतात.

एक होती म्हातारी, म्हणजे मीच. एक होतं तिचं म्हातारं, तोंडात कायम बिडी. सून सविता बाळंतपणाला वेरूळला, माहेरी. तिकडं नात झाली, अन् इकडं संभाजीनगरात मला खोकला लागला! दवाखान्यातली ताई म्हणली, "बेडका तपासू, टीबी तर नाही ना बघू. रिपोर्ट चांगला आला, तरच नातीला मांडीवर घ्यायचं." हातात डबी दिली. "सकाळी उठल्याबरोबर चूळ भरा, छातीतून खोका, अन् यात घ्या."

*

सकाळी उठल्याबरोबर मी काय करते? मिसरी लावते! हात सवयीनं हिरड्यांवर गेला, मग खोकले. ताईनं डबी उजेडात धरली. "आजी, काजळ पाडलं का हो?"

*

नवी डबी दिली, तर खोकलाच येईना! बरं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आमच्यात रीतच हाय. घातली चिमूटभर साखर. ताईनं कपाळावर हात मारला. "आजी, मला बेडका पाहिजे, पाहुणचार नको!"

*

मग ती म्हणली, "मोकळ्या हवेत जा, जोर लावा." अंगणात असा जोर लावला, की शेजारची गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली. "अगं बाई, गेली गं म्हातारी!" तिनं फर्दापूरला माझ्या बहिणीला फोनसुद्धा लावला. बहीण तिकडून रडायली, अन् मी ओरडायले, "अगं, जिती हाय मी! डबी भरायले!" त्या गोंधळात डबी लवंडली.

*

एकदा सकाळी बघते, तर डबी भरलेली! म्हातारं मिशीला पीळ देत म्हणलं, "तुला येईना, अन् मला लई येतो. दिला भरून!"

"अहो, तुमच्या बेडक्यावर माझी नात मिळायची व्हय?"

*

शेवटी एक दिवस सकाळी चूळ भरून बसले होते, तेवढ्यात सविताचा व्हिडिओ कॉल आला. नात जांभई द्यायली. तोंड हुबेहूब माझं, बिनदाताचं! असं हसू फुटलं, की हसता हसता खोकला पार तळातून वर आला. फोन तसाच टाकला अन् डबी गाठली!

रिपोर्ट चांगला आला. सविता घरी आली, अन् नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हातारंबी हात पसरून पुढं आलं. सविता पदर सावरत हळूच म्हणली, "मामंजी, तुमचा रिपोर्ट?"

आता म्हातारं डबी घेऊन अंगणात बसलंय, लई येणारा खोकला नेमका आताच येईना, अन् मी नातीला थोपटत आतून हाक मारते, "अहो, लावा जोर! पोरगी शाळेत जायच्या आत भरंल का?"