हमीचे चार तास

वीजजोडणीचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला पृथ्वीवरचा एकमेव माणूस म्हणजे आमचे आसगावचे साडूभाऊ. आपण थेट शेवटच्या पानावर सही करतो. त्यांना त्या पानापर्यंत पोचायला तीन दिवस लागले आणि तोवर जोडणीवाला दोनदा जेवून गेला. करारात शेतीपंपाला आठ तास विजेची हमी होती. त्या आठ तासांवर त्यांची श्रद्धा होती आणि लगेच खाली छापलेल्या 'नियंत्रणाबाहेरील कारणे वगळून' या ओळीवर वैर. वादळात तारा तुटल्या की ते करार घेऊन लाइनमनला खांबाखाली गाठत. "काकाजी, झाड पडलं तारेवर, मी काय करू?" तो वरून ओरडे. "झाडानं सही केली होती काय गा?" हे खालून विचारत. घरीही तेच. त्यांनी मेव्हणीबाईंकडे चार वाजताच्या चहाची लेखी हमी मागितली. बाईंनी लगेच लिहून दिली आणि खाली स्वच्छ अक्षरात ती वैरीण ओळही घातली. पुढचे दोन दिवस चहा नियंत्रणाबाहेर गेला.

मग त्यांनी सौरपंप बसवला आणि ते स्वतःच पुरवठादार झाले. शेजारच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, बाईची मोटार ऐन उन्हाळी धानात जळाली, तेव्हा त्यांनी तिला रोज चार तास पाणी कबूल केले. "भाऊजी, कागद कायले? तुमचा शब्द हाय ना," ती म्हणाली. "शब्दाले कलमं नसतात," असे म्हणून त्यांनी विजेचा करारच उतरवून काढला. विजेच्या जागी पाणी लिहिले आणि ती एक ओळ मोठ्या समाधानाने गाळली.

धान निसवून लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि आभाळ भरून आले. सहा दिवस ऊन नाही आणि पाऊसही नाही. पंपातून दिवसभरात जेमतेम चार तास पाणी निघे. ते सगळे शेजारच्या बांधीत जाई.

"आपल्या बांधीले भेगा पडून राहिल्या," मेव्हणीबाई म्हणाल्या. "ढगं काय तुमच्या हातात हायत?"

"नाहीत. पण ते कलम म्याच काढलं ना. आनं आपला आपल्याशी करार नाही."

कापणीच्या आधी मी गेलो, तेव्हा शेजारचे धान भाराने वाकले होते आणि ह्यांचे ताठ उभे होते. ती बाई मधल्या धुऱ्यावर आली. दोन्ही बांध्यांकडे पाहत म्हणाली, "सांगायचं तरी होतं, भाऊजी. म्या अर्धं पाणी सोडलं असतं."

 ती गेल्यावर साडूभाऊंनी तिच्या बांधीतली एक लोंबी माझ्या हातात दिली. "पाह्य बरं गा," ते हळूच म्हणाले, "भरला ना दाणा?"

मी दाबून पाहिली. भरला होता.

आमच्या मागे त्यांचे पोकळ धान वाऱ्यावर फार हलके डुलत होते.