दोन्ही खांदे

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. देवापुढे उभा राहिलो तरी इथवर आलो की मन दुसरीकडे वळवतो — त्याला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, मग सांगायचं कशाला? आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

मी डिंगोऱ्याचा. घोडेगावात एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोपान माझ्याच आळीतला, माझ्याच वर्गातला. शेती करतो, आणि जत्रेच्या आखाड्यात नाव काढलेला पैलवान. बोलताना मात्र अडखळतो. शाळेत हजेरीला त्याचं ‘हजर’ बाहेर पडेपर्यंत मी मागच्या बाकावरून ‘ह-ह-ह’ करायचो, आणि सगळा वर्ग खिदळायचा. किती वर्षं केलं मी हे! दहावीत एकदा त्यानं मला मैदानात उचलून आपटलं. एकदाच. आणि लगेच हात पुढे करून उठवलंही. आपटलेलं मी विसरलो असतो — तो हात नाही विसरलो. असं असतं का हो कुणाचं? माझं होतं.

काही वर्षांपूर्वी मोबाइलवर एक हिंदी कार्यक्रम लागायचा. दादागिरी करणाऱ्या माणसाला बोलवायचं, त्यानं ज्याला छळलं त्याची कहाणी ऐकवायची, आणि मग त्या दादाला तीन मिनिटं खऱ्याखुऱ्या फायटरसमोर जाळीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. गुंड मार खाताना बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? दुकानात बसून मी सगळे भाग पाहिले. आणि एक दिवस अर्ज भरला. छळलेला म्हणून माझं नाव. दादा म्हणून सोपानचं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्या. चॅनेलची माणसं आली, त्यांनी मला लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर उदास बसवलं. माकडं सारखी मध्ये यायची, म्हणून तीन वेळा उदास व्हावं लागलं. मी झालो. सोपानला एवढंच सांगितलं, की शहरातल्या पैलवानाशी लढत आहे. तो पिशवीत लंगोट घेऊन खुशीत निघाला.

तिथे भर स्टेजवर त्याला विचारलं, का छळलंस याला? तो पहिल्याच अक्षरावर अडकला. लोक हसले — तेच हसू, शाळेतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि कॅमेऱ्यात ती छान दिसली.

इथवरचं गावाला माहीत आहे. चॅनेलवाल्यांनी रंगवलं, असं म्हणून मी हात झटकले आणि लोकांनी ते मानलं. पुढचं माहीत नाही.

लढतीआधी नियम हिंदीत भराभर सांगितले. सोपानला हिंदी बेताचीच. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, “पाठ ट-टेकली की संपलं ना?” मला पक्कं ठाऊक होतं, की तिथे पाठ टेकून काही संपत नाही. हार मानायची तर हातानं थापटावं लागतं. मी म्हणालो, “व्हय. संपलं.”

पहिलं मिनिटभर त्यानं नुसते गुद्दे खाल्ले. मग कंबरेत शिरून कुस्तीतली अशी ढाक लावली, की तो फायटर उताणा. सोपान बाजूला झाला. पंचाचा हात वर जातो का, ते पाहिलं. आणि खाली वाकून पडलेल्याला उठवायला त्यानं हात पुढे केला — मला केला होता, तस्साच. फायटरनं तो हात धरला, त्याला खाली ओढलं आणि कोपर पिरगाळलं. त्याच्या नियमानं त्याचं काही चुकलं नाही. सोपान ओरडत राहिला. थापटलं की सुटका होते, हे त्याला कुणी सांगितलं होतं? त्या हाताचं कोपर आजही पुरतं सरळ होत नाही. कार्यक्रम दाखवला तेव्हा ती ढाक कापलेली होती.

परत येताना गाडीत हात गळ्यात बांधलेला. मी स्टेजवर जे बोललो त्याबद्दल तो फक्त म्हणाला, “त्यांनी ब-बोलायला लावलं असंल तुला.” मग बऱ्याच वेळानं विचारलं, “त्याची पाठ टेकली व्हती ना रं? तू समोर व्हतास.”

अजूनही वेळ होती. खरं बोललो असतो, तर नियमाचं खोटंही बाहेर आलं असतं. मी म्हणालो, “न्हाई. डावा खांदा वर व्हता.”

तो नारायणगाव येईस्तोवर खिडकीबाहेर बघत राहिला.

सोपान जत्रेत पंच असायचा, हे सांगायचं राहिलं — की मी मुद्दाम मागे ठेवलं? त्याला बोलायची गरजच पडायची नाही. त्यानं हात वर केला की चितपट, नाही केला की नाही. दोन गावची पोरं हमरीतुमरीवर आली, तरी त्या हाताखाली गप्प व्हायची. अख्ख्या गावात त्याच्या बोलण्याला कुणी थांबत नव्हतं, त्या हाताला थांबायचे. त्या कार्यक्रमानंतरच्या जत्रेपासून तो आखाड्यात उतरला नाही. सरपंचांनी आग्रह केला तर म्हणाला, माझीच लढत मला द-दिसली न्हाई, दुसऱ्याची काय सांगू?

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी आला. म्हणाला, “तुझी नजर पक्की हाय. तू व्हय पंच.”

मी झालो. दिवसभर हात वर केला, खाली केला. सोपान गर्दीत पुढेच बसला होता. प्रत्येक निकालाला आधी माझ्याकडे बघायचा, मग मान हलवायचा, जणू शिकतोय.

त्या दिवशी जाळीत त्या फायटरचे दोन्ही खांदे टेकले होते. मी समोर होतो. मला दिसलं होतं.