भुतांच्या पानातला कांदा

आळीत तिला रेंतिनी म्हणून कोणी हाकच मारत नाही. मेन पोलेंग म्हणतात. मेन म्हणजे आई. इकडे बेटावर पहिलं पोर झालं की आईबापाचं स्वतःचं नाव गळून पडतं आणि पोराच्या नावानं हाका सुरू होतात. समोरच्या घरातला सुमेर्ताचा बाप तो नांग सुमेर्ता, त्याची बायको मेन सुमेर्ता. मरेपर्यंत तसंच. रेंतिनीला पोर झालं नाही. काही वर्षं नवऱ्याच्या घरी काढली, सासूची टोचणी ऐकली, मग एक दिवस कपड्यांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि आईकडे निघून आली. पोलेंग ही कुत्री आहे.

मादी पिल्लं कोणाला नको असतात. पोत्यात भरून भातखाचरांच्या पाटाकडेला टाकून देतात. तशाच एका पोत्यात ही एकटी जिवंत निघाली. अंगावर काळे-पांढरे चौकोन, देवळाच्या दाराशी गुंडाळतात त्या पोलेंग कापडासारखे. म्हणून नाव पोलेंग. रेंतिनी तिला ओटीत घालून आळीत शिरली तेव्हा नांग सुमेर्ता दारात झुंजीचा कोंबडा चोळत बसला होता.

"झाली बाई एकदाची आई," तो म्हणाला. "मेन पोलेंग."

चारचौघं हसली. रेंतिनी थांबली. "हो, झाले. आणि माझी पोरगी हाक मारल्यावर येते तरी. तुझा सुमेर्ता येतो का?"

तो टोमणा होता, पण तिनं तो दागिन्यासारखा अंगावर घातला. त्यानंतर कोणी रेंतिनी म्हटलं तर ती मान वळवत नसे.

शाळा तिनं आठवीत सोडली. बुद्धी कमी म्हणून नाही, बूड टिकत नाही म्हणून. आईबरोबर ती नैवेद्याच्या परड्या विकते. नारळाची कोवळी पानं कापायची, टाचायची, फुलं भरायची. बाकीच्या बाया मांडी घालून विणतात, ही उभ्यानं विणते, येरझाऱ्या घालत. आई, म्हणजे मेमे, वैतागते. "अगं बस की, पोरी. परडीला पाय फुटतील." पहाटे बाजारात जाताना पोलेंग स्कूटरवर पुढे उभी, दोन पायांच्या मध्ये, कान वाऱ्यावर. तिच्याशिवाय रेंतिनी कुठे गेलेली कोणी पाहिलेली नाही.

तर एका सकाळी पोलेंग स्कूटरवर चढलीच नाही. पुढचे पाय ठेवले, मागचे उचलेनात. रेंतिनीनं उचलून घेतली. बाजारात ती परड्यांच्या टोपलीमागे झोपून राहिली, मासेवालीनं टाकलेलं डोकंसुद्धा हुंगलं नाही. घरी आल्यावर अंगणात मुतली ते काळ्या चहासारखं. रेंतिनीनं तिचा ओठ वर केला. हिरड्या पेजेसारख्या पांढऱ्या.

गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर जनावरांची डॉक्टर बसते. दायू डॉक्टर. मोठ्या कुळातली, त्यामुळे तिच्याशी बोलताना लोक जीभ सांभाळून बोलतात. रेंतिनीची जीभ आयुष्यात कोणापुढे वाकली नव्हती, त्या दिवशी वाकली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. नळीत ते पाणी घातलेल्या सरबतासारखं दिसत होतं.

"गोचिडाचा ताप वाटला होता," डॉक्टर म्हणाल्या. "पण ती तपासणी कोरी आली. रक्त फारच कमी आहे."

"ते मला दिसतंय, दायू. का कमी आहे?"

"कधीकधी अंग स्वतःचंच रक्त परकं समजतं आणि मारायला लागतं. तसं असू शकेल. नसूही शकेल. पुढच्या तपासण्या बेटाबाहेर पाठवाव्या लागतात, आणि त्यातूनही नक्की कळेल असं नाही. तोवर आपण अंगाला शांत करणाऱ्या गोळ्या सुरू करू."

"स्वतःचं रक्त कोण मारतं?"

"मारतं. माणसातही होतं." डॉक्टर गोळ्या पुडीत बांधत होत्या. "कांदा-लसूण खाते का ही? कुत्र्यांना कांदा चालत नाही. त्यानंही रक्तातल्या पेशी फुटतात."

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं रेंतिनीनं तेवढंच धरलं. बाकी सगळं धूर होतं. कांदा हातात धरता येत होता.

आणि तिला आठवलं. कजेंग क्लिवोनच्या संध्याकाळी, दर पंधरा दिवसांनी, प्रत्येक दाराबाहेर जमिनीवर पान ठेवतात. वरच्या देवांसाठी नाही, खालच्यांसाठी, भुताखेतांसाठी. रंगवलेला भात, मीठ, आल्याचा तुकडा आणि लाल कांद्याची चकती. उदबत्ती लावायची, चार थेंब दारू शिंपडायची. धूर वर गेला की भुतं जेवली. मग उरलेलं कुत्र्यांनी खाल्लं तरी कोणी हाकलत नाही. पोलेंग तर उदबत्ती पेटेपर्यंत पाय जोडून बसायची आणि धूर निघाला की पुढे सरकायची. आळीत चेष्टा होती की मेन पोलेंगपेक्षा तिची पोरगीच धार्मिक.

घरी येऊन रेंतिनीनं कांद्याची टोपली उचलून माळ्यावर टाकली.

"मेमे, उद्यापासून भुतांना कांदा बंद."

मेमे पानं कापत होती. सुरी थांबली. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. आलं-मीठ खा म्हणावं."

"तुझा बाप आलाय का जेवायला? वाढाल ते खायला? खालची मंडळी आहेत ती. अर्धं पान वाढलं तर दारातच बसून राहतील."

"बसू देत. माझी पोरगी मरतेय."

"हो, आणि ती का मरतेय ते तुला त्या पोरसवदा डॉक्टरणीनं सांगितलं. मला नको विचारू." मेमेनं पुन्हा सुरी चालवायला घेतली.

पुढच्या कजेंग क्लिवोनला रेंतिनीनं स्वतःच्या दाराचं पान स्वतः मांडलं. पण पोलेंग काही एकाच दाराची नव्हती. म्हणून संध्याकाळी उदबत्त्यांचा वास सुटला तशी ही प्लास्टिकची पिशवी घेऊन निघाली. दारोदार वाकायची, भुताच्या पानातली कांद्याची चकती उचलायची, पिशवीत टाकायची. दोन-तीन बायांनी दारं लावून घेतली. मेन सुमेर्तानं तोंडावर हात ठेवला.

नांग सुमेर्ता मात्र पायरीवर उभा राहिला. "ए मेन पोलेंग. माणसांकडून मागून खातात, भुतांकडून चोरतेस होय?"

"कांदा तेवढा घेतेय. बाकी सगळं त्यांचं."

"आणि रात्री माझ्या दारात येऊन विचारलं त्यांनी, कांदा कुठाय, तर काय सांगू?"

"माझ्याकडे पाठव, ब्ली. माझं दार उघडंच असतं." भांडतानाही ती त्याला ब्लीच म्हणायची, म्हणजे दादा.

तिनं चकती उचलली, पिशवीत टाकली आणि पुढच्या दाराकडे गेली. पाठीमागे कोणीतरी म्हणालं, वेडी झालीये. तिला ऐकू आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

आणि पोलेंग सुधारली. आधी पाण्याला तोंड लावायला लागली, एवढं पाणी प्यायची की दिवसभर अंगणात मुतत फिरायची. मग भूक सुटली. मेमेच्या हातातला केळ्याचा तुकडा तिनं पळवला तेव्हा मेमे शिव्या देता देता हसली. हिरड्यांवर गुलाबी रंग चढला. रेंतिनी बाजारात भेटेल त्याला अडवून सांगायची, "कांदा होता. बघ, साधा कांदा. घरात कुत्रं असेल तर देऊ नकोस." मासेवालीनं तिला पाहिलं की तीच आधी म्हणायची, "हो गं बाई, नाही देत."

डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या. जास्त दिवस चालल्या तर अंगातलं मांस झडतं, पोट सुटतं, म्हणाल्या. रेंतिनीनं मान हलवली. गोळ्यांवर तिचा विश्वास नव्हताच. कांदा काढला, काम झालं.

गोळी अर्ध्यावर आली आणि थोड्याच दिवसांत पोलेंग पुन्हा पाय ओढायला लागली. पांढरी हिरडी. काळा चहा.

त्या सकाळी रेंतिनी बाजारात गेली नाही, दार झाडत होती. आदल्या संध्याकाळचं, कजेंग क्लिवोनला मेमेनं मांडलेलं पान तिथंच पडलं होतं, पोलेंगनं वरवर चाटलेलं. झाडूनं भाताचा गोळा फुटला आणि आतून कांद्याची चकती निघाली. लाल, कोमेजलेली. मेमेनं भाताच्या खाली पुरून ठेवलेली.

ती चकती बोटात धरून ती घरात गेली. पुढचं सगळ्या आळीनं ऐकलं. "तूच घातलास. माझ्या पाठीमागे. भुतांचं पोट भरायला माझी पोरगी दिलीस. मला नाही झालं पोर, हे एक होतं, तेही खाल्लंस." असंच आणखी बरंच. आईला मुलीनं बोलू नये असं. मेमे हातातलं नारळाचं पान न सोडता ऐकत राहिली. मग उठली, पोलेंगला उचललं आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली, कुत्री मांडीवर घेऊन.

"चल," म्हणाली.



दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि काच हलवली. थेंब पसरला नाही. त्याचे बारीक बारीक दाणे झाले, दूध नासल्यासारखे.

"बघ. रक्ताच्या पेशी एकमेकांना चिकटतायत. मागच्या वेळी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. म्हणजे अंगच रक्ताला मारतंय, असं आता जवळजवळ म्हणता येईल."

"कांदा खाल्ला तिनं, दायू," रेंतिनी म्हणाली. "हिनं घातला."

"खाल्ला नाही." मेमे पहिल्यांदा बोलली. आवाज खालचा, नजर कुत्रीवर. "ही कांदा कधीच खात नाही. जिभेनं बाजूला काढते. पहिल्या वर्षापासून. भात खाते, कांदा तसाच ठेवते. मी रोज सकाळी दार झाडते, मला दिसतो. म्हणून घातला."

आज सोडली तर दार झाडायची वेळ तिची कधीच नव्हती. मेमे दार झाडून मागाहून यायची, ती तोवर बाजारात पोचलेली असायची, टाके मारत, येरझाऱ्या घालत.

"कांद्यानं आजार झाला असता तर काचेवर असे दाणे दिसले नसते," डॉक्टर म्हणाल्या. "मी तेव्हा विचारायचं म्हणून विचारलं होतं. तिला गुण आला तो गोळ्यांचा. गोळ्या कमी केल्या तसं परत उलटलं."

"मग कशानं झालं?"

"माहीत नाही."

"काहीतरी खाल्लं असेल. काहीतरी चावलं असेल. आमचंच काहीतरी चुकलं असेल."

"नाही. कोणाचंच काही चुकलेलं नाही."

रेंतिनी तशीच उभी राहिली, जणू डॉक्टर अजून काहीतरी सांगणार आहेत. भांडायला कोणी नव्हतं. आई नव्हती, भुतं नव्हती, कांदा नव्हता.

डॉक्टरांनी मग सगळं समजावलं. गोळ्या पुन्हा वाढवायच्या. अजून एक औषध जोडायचं. दुसऱ्या मोठ्या कुत्र्याचं रक्त चढवता येईल, त्यानं थोडे दिवस हाती लागतील, पण अंग तेही मारू शकतं. तगतात काही जनावरं. काही नाही तगत.

"कळणार कसं?"

"रोज हिरड्या बघायच्या," डॉक्टर म्हणाल्या.

परत येताना मेमेनं स्कूटरवर मागून रेंतिनीच्या खांद्यावर हात ठेवला, पडू नये म्हणून ठेवतात तसा. रेंतिनी म्हणाली, "मेमे, मी सकाळी जे बोलले." मेमे म्हणाली, "रस्ता बघ." एवढंच.

तेव्हापासून रेंतिनी बाजारात जात नाही. मेमे एकटी जाते, शेजारणीच्या गाडीवर. रेंतिनी अंगणात बसते. बसते, हे बघून आळीतल्या बाया कुजबुजतात. पोलेंगचं डोकं मांडीवर, उजवा हात ओठावर. दर थोड्या वेळानं ओठ उचलायचा, बघायचं, खाली ठेवायचा. गुलाबी वाटतं. मग वाटतं, उन्हामुळे वाटलं असेल. मग सावलीत नेऊन पुन्हा बघायचं. गोळी ती आधी भाताच्या मुठीत घालून देते, नाहीच घेतली तर बोटानं घशात सारते. पोलेंग भात खाते आणि गोळी जिभेनं बाजूला काढते, नीट, शांतपणे. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा रेंतिनीला रडू फुटलं. मेमेचं काहीच चुकलं नव्हतं.

पुन्हा कजेंग क्लिवोन आला. मेमेनं दाराशी पूर्ण पान ठेवलं, कांद्यासकट, वर, दिसेल असं. रेंतिनीनं उदबत्ती लावली. पोलेंगला उचलून दाराशी आणलं, तिच्या नेहमीच्या जागी. धूर वर गेला. पोलेंगनं नाक त्या दिशेनं वळवलं आणि डोकं परत रेंतिनीच्या पायावर ठेवलं.

समोरच्या दारात नांग सुमेर्ता वाकून पान ठेवत होता. ठेवून झाल्यावर तो रस्ता ओलांडून आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"मी काढलाय," तो म्हणाला. "कांदा. आणि त्या कोपऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय. आमची बाई कुरकुरली, पण काढला. येऊ देत काय यायचं ते माझ्या दारात." त्यानं कुत्रीकडे पाहिलं. "गुण आहे ना?"

रेंतिनीनं आळीत नजर टाकली. दारोदार पानं, दारोदार उदबत्त्या. सगळ्या पानांत नुसतं आलं आणि मीठ. फक्त तिच्याच दारात लाल चकती होती. नांग सुमेर्तालाही ती दिसली असणार, पण त्यानं नजर कुत्रीवरच ठेवली.

मेमे आतून बघत होती.

"आहे, ब्ली," रेंतिनी म्हणाली. "तुम्हा सगळ्यांमुळे."

तो खूश होऊन गेला. रेंतिनीनं पोलेंगचा ओठ वर केला. अंधारून आलं होतं. रंग दिसला नाही.