हाताचं माप

"लांब कर गो हात, अजून लांब!" फिटरकाका असं म्हणाले की आम्ही बायका हसायचो. गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल, आणि नजर माणसाच्या तोंडाकडे कधीच नाही, खांद्यापासून बोटांपर्यंत. रस्त्यात भेटले असते तर तुम्हीही त्यांना शिंपी समजला असता.

चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं दाबायचे प्रेस होते. पायाने पेडल दाबलं की वरचा साचा धाडकन खाली येई. मध्ये बोट राहिलं तर गेलंच. म्हणून काका प्रत्येक प्रेसपुढे जाळी बसवत. पत्रा तिच्या खालून सरकवायचा. पण झाकण अडकलं की बाईचा हात वरून आत जातोच, हे त्यांना ठाऊक होतं.

हात किती आत पोचेल याचं ते वहीत गणित मांडत. मी चौथी शिकलेली, तरी मला कळलं. "खांदो म्हणजे खिळो, हात म्हणजे दोरी. खिळ्यापासून जाळीच्या कडेपर्यंत जितकी दोरी लागली ती सोड. उरली ती आत पोचतली." सगळ्यांत लांब हात जिचा, तिच्या मापाने जाळी.

सगळ्यांत उंच मी. परक्या पुरुषाने खांद्याला टेप लावली आणि मी आखडले. हात अर्धवटच पुढे केला.

"लाजतंस कित्याक? अजून?"

"एवढाच आहे," मी म्हणाले. त्यांनी तेच लिहून घेतलं.

चार दिवसांनी झाकण तिरकं अडकलं. मी वरून हात घातला, तर मधलं बोट थंड साच्याला टेकलं. पाय पेडलवरच होता.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी बोटांकडेच बघत होते. सांगायचं कसं? शेठ आधीपासून म्हणत होता, "जाळीने काम रखडतं. या फिटरचं गणित एकदा चुकू दे, सगळ्या जाळ्या काढून टाकतो." दोन दिवस मी हात पोटाशी धरूनच काम केलं.

शेजारच्या प्रेसवरच्या शेवंताताईंनी ओळखलं. "तोंड का पांढरं गं? उपास धरलास की सासू आली?" मी सांगितलं. "आता काकांना सांग. नाहीतर मी सांगते, आणि माझा आवाज लालबागपर्यंत जातो!"

जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते मटकन स्टुलावर बसले. "लाजणाऱ्याचो हात कसो मोजूचो, ह्या मी गणितात धरूकच नाय. माझा चुकला."

टेप त्यांनी शेवंताताईंकडे दिली आणि स्वतः वही घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"ताणलो काय नीट?"

"ताणून ताणून भायखळ्याला पोचला, काका!"

माप पहिल्यापेक्षा चार बोटं जास्त भरलं. शेठ जेवून परतण्याआधी काकांनी जाळी साच्यापासून तेवढी लांब सरकवली.

गेल्या वर्षी काका गावी गेले आणि तिथेच वारले. मला ते त्या दुपारचेच आठवतात. प्रेसची मोटार बंद करून त्यांनी पट्टाही काढला होता, तरी सरकवलेल्या जाळीवरून हात घालायला मी धजेना. तेव्हा त्यांनी बाजूने आपला तळवा आत घातला, खालच्या साच्यावर उताणा ठेवला.

"माझ्या हाताक बोट लाव."

मी टाचा उचलल्या, खांदा पार पुढे काढला. वरचा साचा त्यांच्या तळव्यावर लटकत होता. माझं बोट हवेतच राहिलं. पोचलं नाही.