पाण्यातली पिन

तिसऱ्यांदाही ते घर समुद्रातच गेलं.

अमेरिकेत पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात मी शिकते आणि मॅप लॅबमध्ये काम करते. स्कॉटलंडच्या फाइफ काउंटीतल्या मच्छीमार गावांचे जुने नकाशे आम्ही आजच्या नकाशावर बसवत होतो. दोन्हींत सापडणाऱ्या जागा, म्हणजे चर्चचा मनोरा, दगडी पूल, कबुतरखाना, एकमेकींवर टेकवायच्या. हे कंट्रोल पॉइंट. जुळणी किती चुकली तो आकडा म्हणजे एरर.

ओहायोतल्या डब्लिनच्या एका बाईंना आजीचं घर शोधून हवं होतं. भावाची रक्षा त्यांना त्या दारात ठेवायची होती. विमान शुक्रवारी होतं. त्यांनी घराचा जुना फोटो पाठवला होता. समुद्राकडच्या सगळ्या खिडक्या दगडांनी बुजवलेल्या.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. उत्तर विचित्र आलं की मला आधी वाटतं, आपल्यालाच येत नाही. चार पॉइंटपैकी मी मनोऱ्याचा काढला, पूल जरा सरकवला. तीन पॉइंट उरले. घर किनाऱ्यावर आलं. एरर शून्य.

माझ्या सुपरवायझर शिल्पाताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "यार, तीन पॉइंटवर शून्यच येतं. जागा चुकीच्या असल्या तरी सॉफ्टवेअर नकाशा ताणून बसवतं. मनोरा कुठे गेला?"

"मी डिलीट केला. घर पाण्यात जात होतं."

त्या हसल्या नाहीत. पॉइंट परत जागेवर ठेवून त्यांनी ओहोटीच्या वेळचा हवाई फोटो खाली लावला. घराची पिन पाण्यात होती. पिनेखाली एक काळी, सरळ रेघ. मग काटकोन. मग आणखी एक. खडक असे वळत नाहीत, भिंती वळतात.

फोन मीच करावा, असं ताई म्हणाल्या. घर पाण्याखाली गेलंय, असं मी बाईंना अडखळत सांगितलं.

"खिडक्या मुलांसाठी बुजवल्या होत्या," बाई म्हणाल्या. "पाणी किती जवळ आलंय ते त्यांना दिसू नये म्हणून. दार कुठल्या बाजूला दिसतंय?"

"जमिनीकडे," रेघेतली फट पाहून मी म्हटलं. "उघडं आहे."

त्या होडीने गेल्या. रक्षा पिनेच्या जागी सोडली. नंतर त्यांनी कळवलं की तिथे पोचताच नावाड्याने न सांगता इंजिन बंद केलं. त्या घरावरून जाताना गावातले सगळेच करतात, म्हणाला.

एरर शून्य दिसला की मी आता आधी पॉइंट मोजते.