थांबणाऱ्यांची यादी

"काय खाल्लंस?" हे विचारल्याशिवाय अक्कांनी कुणाला सुई लावली नाही. उत्तर खोटं वाटलं की स्वतःचा डबा उघडायच्या. "रिकाम्या पोटी औषध न्हाई चढवत मी. आधी दोन घास खा, मग रडत बस." बीदरच्या आमच्या कॅन्सर वॉर्डातल्या त्या सर्वांत जुन्या सिस्टर. मी सर्वांत नवी, आणि सर्वांत जास्त बोलणी खाणारी.

कोरोनाच्या पेशंटसाठी आमचा वॉर्ड घेतला गेला. केमो कुठे द्यायची यावर साहेबांच्या बैठका चालू होत्या, तोवर अक्कांनी आपल्या भागातल्या, नौबादच्या बंद मंगल कार्यालयाची किल्ली आणलीसुद्धा. हारतोरणांच्या हुकांना आम्ही सलाइनच्या बाटल्या टांगल्या. जवळच्याच मेहकर गावच्या एका तरुण बाईला त्यांनी नवरानवरीच्या लाल सोफ्यावर बसवलं. ती अवघडली. "बस की गं, लाजायलीस कामून? नवरा न्हाई आणला, नुसतं औषध हाय." मास्कआड सगळा हॉल हसला.

ऑपरेशन मात्र आठवड्याला एखाद-दुसरंच व्हायचं. कुणी यायचं, कुणी थांबायचं, याची यादी डॉक्टरांना विचारून अक्का वहीत लिहीत. थांबणाऱ्यांना फोन करायचं नकोसं काम माझ्याकडे. एका सोमवारी 'सुशीला, नौबाद' वाचून मी समोरचा नंबर न बघताच फिरवला. तो शेजारीच वाजला, अक्कांच्या खिशात.

मला हसू आलं. त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. वाटलं, चुकून लागला. अक्कांनी फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "व्हय, थांबते मी."

"अक्का, तुम्हाला?"

"बारकी गाठ हाय. या आठवड्याची तारीख माझी होती, ती मेहकरवालीला दिली. तिची लेकरं लहान हायत. डॉक्टरला म्हणलं, मला घाई न्हाई. रडायलीस कामून? पुढचा फोन लाव."

मी लावला. हेच मला आजही खातं. भांडायला हवं होतं, डॉक्टरांचे पाय धरायला हवे होते. त्यानंतर दोनदा त्यांनी स्वतःला मागे ढकललं, आणि दोन्ही वेळा ते नाव मीच थांबणाऱ्यांच्या नव्या पानावर उतरवलं.

शेवटी तपासलं तेव्हा रोग यकृतात पोचला होता. तोवर आमचा वॉर्ड परत मिळाला होता. अक्कांना पहिली सुई लावायला मीच गेले.

"काय खाल्लंत, अक्का?"

"भाकरी खाल्ली. टोच."

मागे त्यांची लेक नकारार्थी मान हलवत होती. तीन दिवस त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी माझा डबा उघडला. वरणभाताचे दोन घास त्यांनी कसेबसे गिळले, माझ्यासाठी. दुसऱ्या डोसच्या आधीच त्या गेल्या.

मेहकरची बाई तपासणीला येते. ठणठणीत आहे. दर वेळी शेतातल्या तुरीची डाळ आणते. "अक्कांना द्या. दिसंनात की कुठं?" अक्का गेल्या, आणि ती तारीख त्यांची होती, हे तिला ठाऊक नाही. परवा सगळं सांगायचंच, असं ठरवून मी तिच्यासमोर बसले. तोंडातून निघालं ते एवढंच, "काय खाल्लंस?"